खाडीकाठच्या वाटेबद्दल लोकांना कधी, कुठे आणि काय विचारावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नेरूळमधल्या काही सोसायट्यांनी मिळून सारसोळे जेट्टीच्या परिसरापासून ज्वेल ऑफ नवी मुंबई या तलावाकाठच्या उद्यानावरून करावे गावापर्यंत चालायला आणि सायकलला सलग वाट मागायची ठरवली आहे. महापालिकेला निवेदन देताना सोबत लोकांचा पाठिंबा दाखवायचा आहे. गूगल फॉर्म तयार आहे, एक जाहीर सभा घ्यायचा विचार आहे. एवढं पुरेल का? आणि गावठाणातली माणसं अशा सभांना येत नाहीत, त्यांचं काय करायचं?

मी नगरनियोजनात लोकसहभागाचं काम बरीच वर्षं करते आहे, त्यातलं बरंचसं ठाणे आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात. माझं उत्तर सरळ आहे. फॉर्म आत्ता पाठवू नका, सभा आत्ता घेऊ नका, आणि मुख्य म्हणजे पाठिंबा गोळा करायचा हा हेतूच थोडा बाजूला ठेवा. 'तुम्हाला सायकल ट्रॅक हवा का?' या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येक जण हो म्हणतो. त्या होकारातून वाट कुठून न्यायची, किती रुंद करायची, कोणाची अडचण होईल, यातलं काहीच कळत नाही. हजार होकारांचा गठ्ठा घेऊन तुम्ही अभियांत्रिकी विभागात गेलात तर तिथला उपअभियंता पहिलाच प्रश्न विचारेल की पाम बीच रस्ता लोक ओलांडणार कुठे? त्याचं उत्तर त्या गठ्ठ्यात नसेल.

लोकांना मत विचारण्याआधी त्यांचा वापर समजून घ्या. ज्या पट्ट्यात तुम्हाला वाट हवी आहे तो पट्टा रिकामा नाही. तिथे आजही कोणी चालतं, कोणी सायकल दामटतं, कोणी जाळी वाळत घालतं, कोणी संध्याकाळी दोन तास शांत बसायला येतं. तुमची वाट या सगळ्यांच्या अंगावरून जाणार आहे. त्यांचं रोजचं चालणं-वागणं नीट टिपलंत तर निम्मा आराखडा तिथेच हाताला लागतो.

पण त्याच्याही आधी एक कागदी काम आहे आणि ते टाळून चालणार नाही. कुठल्या तुकड्यात काय करता येतं आणि काय अजिबात करता येत नाही, हे आधी माहीत करून घ्या. नवी मुंबईत एकाच किलोमीटरमध्ये जमिनीचे चार मालक निघू शकतात: सिडको (हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ), महापालिका, वनविभागाचा खारफुटी सांभाळणारा कांदळवन कक्ष, आणि कधी रेल्वे किंवा वीजवाहिन्यांची कंपनी. खाडीच्या बाजूला खारफुटी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालाने राज्यभरातल्या खारफुटीला संरक्षण दिलं, तिच्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकामाला मनाई केली, आणि सार्वजनिक हिताचं काम असलं तरी न्यायालयाची परवानगी लागते असं सांगितलं. त्यावर सीआरझेडचे, म्हणजे किनारी भागातल्या बांधकामावर बंधनं घालणारे नियम आहेतच. पाणथळ जागांसाठी २०१७ चे केंद्रीय नियम आहेत. पवई तलावाच्या काठाने मुंबई महापालिकेने सायकल आणि चालण्याचा मार्ग करायला घेतला होता. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवलं आणि जागा पूर्ववत करायला सांगितली. त्या मार्गाला हौशी सायकलस्वारांचा पाठिंबा नव्हता असं नाही. पण पाठिंबा कितीही असला तरी पाणथळ जागेत भराव घालायची मुभा त्यातून मिळत नाही.

म्हणून महापालिकेच्या नगररचना विभागातून विकास आराखड्याची प्रत घ्या, तुमच्या पट्ट्यावर तीन रंग भरा. जिथे बांधकाम होऊच शकत नाही तो लाल. जिथे परवानगी लागेल तो पिवळा. रस्त्याकडेची, उद्यानाची, धारण तलावाच्या (भरती असताना पावसाचं पाणी साठवणाऱ्या तलावाच्या) बांधाची महापालिकेच्या ताब्यातली जागा तो हिरवा. लोकांसमोर जाताना हाच नकाशा न्या. लाल पट्ट्यातून लाकडी पूल न्यायचा की नाही यावर मतदान घेणं म्हणजे लोकांच्या वेळेचा अपमान आहे, कारण तो निर्णय त्यांच्या हातातच नाही. जे खरोखर बदलता येईल तेवढंच विचारा, आणि जे बदलता येणार नाही ते पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाका. लोक नाराज होतात ते नकाराने नव्हे, आशा लावून मग हात वर केल्याने.

आता मोजणी. सलग वाटेवरच्या चार-पाच मोक्याच्या जागा निवडा: जेट्टीकडे वळणारा रस्ता, ज्वेलचं प्रवेशद्वार, पाम बीचवरचा सिग्नल, करावे गावाचं तोंड. एक कामाचा दिवस आणि एक रविवार, पहाटे, दुपारी, संध्याकाळी आणि दिवे लागल्यानंतर प्रत्येकी एक तास, दोघांनी मिळून उभं राहायचं. वहीत रकाने: बाई, पुरुष, मूल, म्हातारं माणूस, सायकल, हातगाडी, डोक्यावर किंवा हातात ओझं, काठी किंवा व्हीलचेअर. दर पंधरा मिनिटांनी नवी ओळ. याला ना ॲप लागतं ना सल्लागार. कॉलेजची मुलं हे आनंदाने करतात.

ही मोजणी तुमचा अंदाज हमखास बदलते. सोसायटीच्या बैठकीत डोळ्यांसमोर असतो तो सकाळी साडेसहाचा ट्रॅक पँटमधला माणूस. प्रत्यक्षात सायकलवर सर्वांत जास्त दिसतो तो पाळी बदलायला निघालेला सुरक्षारक्षक, दूध-पेपर टाकणारा मुलगा, इस्त्रीवाला. पायी सर्वांत जास्त दिसतात त्या सकाळी आठ ते दहा या वेळात गावठाणातून आणि झोपडवस्तीतून सोसायट्यांकडे घरकामाला येणाऱ्या बायका. त्यांना व्यायामासाठी वाट नको आहे. त्यांना वेळेवर पोचायचं आहे. चार घरांची कामं करणाऱ्या बाईचा रोजचा दहा मिनिटांचा वळसा वाचला तर तिच्या दिवसात काय फरक पडतो हे तिलाच विचारा. या माणसांना तुमचा गूगल फॉर्म कधीच मिळणार नाही, कारण तो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात फिरेल आणि ती माणसं त्या गटात नाहीत. ती त्याच सोसायटीत रोज येतात, तरीही.

त्यांच्याशी बोलायचं ते वाटेवरच, चालता चालता. प्रश्न छोटे ठेवा. कुठून आलात, कुठे निघालात? रोज याच वाटेने जाता का? कुठे वळसा पडतो? कुठे भीती वाटते? पावसात काय होतं? नाव आणि फोन नंबर मागू नका. मागितला की माणूस सावध होतो आणि उत्तरं गुळगुळीत येतात. 'सूचना काय आहे?' असंही विचारू नका. दिवसभर राबलेल्या माणसाला सूचना सुचत नसते, पण खड्डा कुठे आहे ते त्याला पक्कं ठाऊक असतं.

गावठाणाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या प्रश्नातला खरा कठीण भाग तोच आहे. करावे, सारसोळे, दिवाळे, शहाबाज या गावांतल्या आगरी-कोळी लोकांच्या जमिनी आणि मिठागरं या शहरासाठी गेली. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, ठाणे-पनवेल-उरण पट्ट्यातली ९५ गावं प्रकल्पाखाली आली. १९८४ च्या जानेवारीतलं प्रकल्पग्रस्तांचं जासईचं आंदोलन आणि तिथला गोळीबार घराघरांत आठवला जातो. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. त्यामुळे हातात नकाशा घेऊन कोणी गावात शिरलं की 'आता आणखी काय घेणार?' हा प्रश्न आधी उठतो, आणि तो पूर्ण रास्त आहे. त्यातच गावकऱ्यांनी कुटुंब वाढल्यावर गरजेपोटी, परवानगीविना बांधलेल्या घरांचा विषय अजून डोक्यावर टांगता आहे. अशा गावात मोजपट्टी घेऊन फिरलात, घरांचे फोटो काढलेत, तर संध्याकाळपर्यंत बातमी पसरेल की घरं पाडायला मोजणी सुरू झाली. मग पुढचे सहा महिने कोणी तुमच्याशी बोलणार नाही.

तर पहिल्या भेटीत काहीही न मोजता, काहीही न दाखवता जा. ग्रामस्थ मंडळ, मच्छीमार सहकारी संस्था आणि महिला मंडळ या तिघांकडे वेगवेगळं जा, कारण तिघांचं म्हणणं एकच असेल असं समजायचं कारण नाही. आम्ही शेजारी आहोत, महापालिकेची माणसं नाही, आम्हाला अशी वाट हवी आहे, तुमची जागा किंवा घर त्यात नाही, आणि तुम्हाला त्रास होणार असेल तर तो आम्हाला आधी कळायला हवा, एवढंच सांगा. पुढाऱ्याच्या ऑफिसात बसून बोलणं झालं की गावाशी बोलणं झालं असं धरू नका. जेट्टीवर जा. जाळी विणत बसलेल्या काकांजवळ बसा, मासळीची वाटणी चालली असेल तर ती आटोपेपर्यंत थांबा.

वेळ बघून जा. खाडीवरच्या माणसाचा दिवस भरती-ओहोटीवर चालतो, आपल्या ऑफिसच्या वेळांवर नव्हे. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ असते, माणसं कामात असतात. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, ओढ मंदावते, तेव्हा थोडी मोकळीक मिळते. बैठक भांगात ठेवा. 'रविवारी सकाळी अकरा वाजता क्लब हाउसमध्ये' ही वेळ आणि ही जागा सोसायटीवाल्यांच्या सोयीची आहे. गावासाठी गावातल्या समाजमंदिरात किंवा देवळाच्या ओट्यावर बसा. बायकांसाठी वेगळी बैठक ठेवा, दुपारी, बाजार आटोपून त्या परतल्यावर. पुरुषांसमोर त्या बोलत नाहीत असं नाही, कोळणींना बोलायला कोणी शिकवायला नको. पण पुरुषांच्या बैठकीत विषय जमीन आणि नुकसानभरपाईवर जातो, आणि बायकांच्या बैठकीत पाणी, दिवे, शौचालय आणि मासळीची टोपली यावर येतो. तुम्हाला दोन्ही हवं आहे.

गावातून येणारे मुद्दे ऐकताना एक यादी मनात तयार ठेवा, कारण काही गोष्टी त्यांना इतक्या सरावाच्या असतात की वेगळ्या सांगाव्यात असं वाटत नाही. जाळी आणि सुकट वाळत घालायची जागा कुठली? होडी ओढून ठेवतात कुठे? मासळीचे क्रेट जेट्टीवरून बाजारात कशाने जातात? बहुतेक वेळा स्कूटरने किंवा टेम्पोने. पालखी कुठून जाते? गणपती कुठल्या वाटेने विसर्जनाला जातात? नारळी पौर्णिमेला किती माणसं जेट्टीवर जमतात? अंत्ययात्रेचा रस्ता कुठला? यातल्या कुठल्याही वाटेवर तुम्ही रेलिंग, पायरी किंवा कुलूपबंद गेट टाकलंत तर ते पहिल्याच वर्षी उखडलं जाईल, आणि उखडणाऱ्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

यानंतर शिवारफेरी. पाणलोटाच्या कामात गावकरी आणि तांत्रिक माणसं मिळून अख्खं शिवार पायी फिरतात, बांधाबांधावर थांबून बोलतात. ही पद्धत आपल्याकडे गावागावांत रुजलेली आहे आणि शहरात ती कोणी वापरत नाही याचं मला वाईट वाटतं. आठ-दहा जणांचा गट करा, मुद्दाम मिश्र: विरंगुळा केंद्रातले एक-दोन आजी-आजोबा, शाळेत सायकलने जाणारी मुलगी, घरकाम करणारी एक ताई, जेट्टीवरचा एक जण, पक्षी बघणारा एक जण, रोज वेगात सायकल चालवणारा एक जण, आणि जमलं तर विभाग कार्यालयातला कनिष्ठ अभियंता. पाठीवर लहान बाळ घेतलेली आई असेल तर उत्तम, व्हीलचेअरवरचं कोणी असेल तर त्याहून उत्तम. घरकामाला जाणाऱ्या ताईचा त्या वेळेचा रोजगार बुडत असेल तर तो तिला द्या. तिच्याकडून तुम्ही माहिती घेताय, ती फुकट मागू नका.

सगळी वाट एकदम करू नका. दोन तुकडे पाडा. प्रत्येक अडचणीच्या जागी थांबा आणि ज्याची ती अडचण आहे त्याला बोलू द्या. गटातला वेगवान सायकलस्वार आणि गुडघे दुखणाऱ्या आजी एकाच वळणावर उभे राहिले की जे बोलणं होतं ते कुठल्याही सभेत होत नाही. सभेत 'सायकलवाले बेफाम असतात' आणि 'चालणारे मधेच येतात' अशी वाक्यं फेकली जातात. वळणावर उभं राहिल्यावर मात्र दोघंही म्हणतात की इथे झाडामुळे पुढचं दिसत नाही, इथे वाट रुंद करा किंवा सायकल उतरून न्यायला लावा.

ही फेरी तीन वेगवेगळ्या वेळी झाली पाहिजे. एकदा सकाळी. एकदा अंधार पडल्यावर, फक्त बायका आणि मुलींची. कुठे दिवा आहे पण फांदीआड गेलाय, कुठे मागून येणारा दिसत नाही, कुठे चेन ओढायला गाडीवरून येऊन पळून जाता येतं, कुठे भटकी कुत्री टोळीने असतात, हे त्यांना पावलापावलावर सांगता येतं. आणि एकदा पावसाळ्यात, उधाणाच्या दिवशी. नवी मुंबईचा बराचसा भाग भरतीच्या पातळीखाली आहे, म्हणून तर सिडकोने धारण तलाव बांधले. जुलैमधल्या उधाणाला जोराचा पाऊस असेल तर पाणी कुठे तुंबतं हे बघितल्याशिवाय वाटेची उंची ठरवू नका. वाट उंच केली आणि तिने पाण्याचा जुना मार्ग अडवला तर पाणी गावात शिरेल. उलट बाजूनेही तेच: भरतीचं पाणी आत यायची वाट अडली की पाणथळ कशी सुकते हे सीवूड्सच्या लोकांनी तिथल्या डीपीएस शाळेजवळच्या फ्लेमिंगोंच्या तलावाच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं आहे.

दिव्यांवर मतभेद होणार, आणि तो खरा मतभेद आहे. बायकांना उजेड हवा. फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत इथे असतात, आणि त्यांच्यासाठी येणाऱ्यांना खाडीकडे झगमगाट नको. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ पासून आहे, २०२२ मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झालं. तुमचा पट्टा अभयारण्याबाहेर असला तरी पक्ष्यांना सीमा कळत नाही. इथे दोन्ही बाजूंना एकत्र बसवा. खाली तोंड केलेले, कमी उंचीचे, पिवळसर दिवे आणि खाडीला अगदी लागून जाणारा तुकडा सूर्यास्तानंतर बंद, अंधारातल्या ये-जा करणाऱ्यांसाठी रस्त्याच्या बाजूची उजळ वाट, अशा तडजोडी होतात. पण त्या दोघांनी मिळून केल्या तरच टिकतात.

आता रुंदीचा प्रश्न, म्हणजे ज्यावर तुम्ही लोकांना खरोखर निवड करायला लावली पाहिजे तो. भारतीय रोड काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चालणाऱ्यांना किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि दोन्ही दिशांनी सायकली जायच्या तर साधारण तीन मीटर. म्हणजे झाडं, बाकं, विजेचे खांब सोडून जवळपास पाच मीटर. तुमच्या पट्ट्यात अनेक ठिकाणी एवढी जागा मिळणार नाही. तिथे काय करायचं? सायकल रस्त्याच्या कडेला न्यायची? वाट एकत्र ठेवून सायकलींचा वेग कमी करायचा? पार्किंगची एक रांग काढायची? झाड वाचवायला वाट वळवायची? हे प्रश्न जमिनीवर चुन्याच्या फक्कीने रेघा मारून विचारा. 'तीन मीटर' हा आकडा बैठकीत कोणाला काही सांगत नाही. फक्कीच्या दोन रेघांमध्ये दोन आजी, एक बाबागाडी आणि एक सायकल उभी केली की सगळ्यांना कळतं.

खांबांचंही तसंच. मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून प्रत्येक जण प्रवेशद्वारावर खांब मागतो. व्हीलचेअरला किमान ९० सेंटिमीटर जागा लागते, आणि ९० सेंटिमीटरमधून स्कूटर आरामात जाते. खांब आणखी जवळ आणले की स्कूटर थांबते, पण व्हीलचेअर, बाबागाडी आणि मासळीची हातगाडी सगळंच थांबतं. लोखंडी फिरती गेटं तर सायकललाही अडवतात. म्हणजे हा प्रश्न लोखंडाने सुटत नाही. जेट्टीपर्यंतचा तुकडा मच्छीमारांच्या गाड्यांना खुला ठेवायचा, त्यापुढे पहारेकरी आणि दंड, असं काहीतरी लोकांनीच ठरवावं लागतं. उताराचं मात्र लोकांना विचारत बसू नका. जिथे पातळी बदलते तिथे १:१२ पेक्षा चढा उतार नको, हे ठरलेलं आहे आणि त्यावर मतदान होत नाही.

एवढं झाल्यावर नकाशा घेऊन बसा. सोसायट्यांमध्ये मोठ्या आकाराचा हवाई फोटो छापून घ्या, टेबलावर पसरा, हिरव्या-लाल टिकल्या द्या. कागदावर माणसाला स्वतःचं घर सापडलं की तो बोलायला लागतो. गावात याहून चांगली रीत आहे: अंगणात रांगोळीने नकाशा काढायचा. देऊळ, तलाव, जेट्टी, शाळा, आणि मग रोज कोण कुठून जातं त्या रेघा. ग्रामीण विकासाच्या कामात हे वर्षानुवर्षं चालत आलं आहे. रांगोळीचा फायदा असा की ती पुसता येते, कोणाचीही चूक निघत नाही, आणि छापील नकाशा पाहून जी धास्ती वाटते ती वाटत नाही. शेवटी फोटो काढा, पण विचारून, आणि त्याची प्रत मंडळाकडे ठेवा.

फॉर्म आणि सभा यांची वेळ आत्ता येते. फॉर्ममध्ये आता तुम्हाला नेमके प्रश्न विचारता येतील: या तीन पर्यायांपैकी कुठला, ओलांडायची जागा इथे की तिथे, सायकल कुठे लावाल. मराठी आधी, मग हिंदी आणि इंग्रजी. नेरूळमध्ये तमिळ-मल्याळी-पंजाबी घरं भरपूर आहेत आणि त्यांच्या ज्येष्ठांना नातवंडांनी वाचून दाखवावं अशी विनंती वर लिहा. उत्तरं मोजताना सोसायटी आणि गाव वेगळं मोजा. एकत्र केलंत तर मोबाइल जास्त असलेल्यांचा आवाज आपोआप मोठा होतो.

सभेत माइक ठेवू नका. माइक आला की तो ठरावीक चार हातांत फिरतो. आठ-आठ जणांची वर्तुळं करा, प्रत्येकात एक लिहिणारा, आणि प्रत्येक वर्तुळात गावातली किमान दोन माणसं. नगरसेवकांना जरूर बोलवा, पण त्यांचं भाषण शेवटी ठेवा, आणि तसं त्यांना आधीच नम्रपणे सांगा. बहुतेक जण समजून घेतात. विरोध करणाऱ्यांना पहिली पाच मिनिटं द्या. ते शेवटी बोलले तर सभा भांडणात संपते. आधी बोलले तर पुढची चर्चा त्यांच्या मुद्द्यांवर होते.

मग एका रविवारी वाट करून दाखवा. कायमचं काही नाही: फक्की, दोऱ्या, शंकू, दहा स्वयंसेवक, वाहतूक पोलिसांची परवानगी, तीन तास. पाम बीचवर लोक खरोखर कुठे ओलांडतात हे त्या तीन तासांत दिसेल, आणि तुम्ही आखलेल्या जागेवरून ते ओलांडत नसतील तर जागा बदला, लोकांना नाही. जमलं तर एका तुकड्यावर काही आठवडे अशी तात्पुरती वाट चालू ठेवा आणि पहिल्यासारखीच मोजणी पुन्हा करा. अधिकाऱ्यांना या दोन मोजण्या शेजारी शेजारी दाखवल्या की त्यांचं बोलणं बदलतं.

एक काम बहुतेक ठिकाणी राहून जातं: लोकांनी जे सांगितलं त्याचं काय झालं हे त्यांना परत जाऊन सांगणं. प्रत्येक मुद्द्यापुढे तीनपैकी एक शेरा लिहा: घेतला, बदलून घेतला, घेतला नाही. शेवटच्यापुढे कारण लिहा, आणि कारण खरं लिहा. हा कागद मराठीत, मोठ्या अक्षरांत, जेट्टीवर, देवळापाशी, विरंगुळा केंद्रात, सोसायट्यांच्या फलकांवर आणि नेरूळ-सीवूड्स स्टेशनबाहेर लावा. ज्याचा मुद्दा नाकारला त्याला प्रत्यक्ष भेटा. पुढच्या खेपेला तो तुमच्या दारात येऊन बोलेल की नाही हे या भेटीवर ठरतं.

कायदेशीर बाजू थोडक्यात. विकास आराखड्यात बदल लागणार असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ प्रमाणे सूचना प्रसिद्ध होते आणि हरकती व सूचनांसाठी मुदत मिळते. त्या मुदतीत एकच छापील पत्र शंभर सह्यांनी देण्यापेक्षा दहा जणांनी स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या अडचणीसह दिलेली पत्रं सुनावणीत जास्त उपयोगी पडतात. प्रत्येक पत्राची पोच घ्या आणि सुनावणीला हजर राहा. गावातल्यांना पत्र लिहायला मदत करा, त्यांचं म्हणणं तुमच्यापेक्षा वेगळं असलं तरीही.

वेळापत्रकाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण ते सांगायला हवं. महापालिकेचा अर्थसंकल्प साधारण फेब्रुवारीत मांडला जातो आणि विभागांकडून कामांची मागणी त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत जमते. त्यामुळे मोजणी आणि गावातल्या भेटी उन्हाळ्यात, उधाणाची फेरी जुलैत, नारळी पौर्णिमा आणि गणपती यांच्या मध्ये काही ठेवायचं नाही, नकाशे आणि सभा दसऱ्यानंतर, रविवारची चाचणी नोव्हेंबरात, आणि निवेदन डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. निवेदनासोबत दोन्ही मोजण्यांचे तक्ते, तीन रंगांचा नकाशा, रांगोळीच्या नकाशांचे फोटो, घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुद्द्यांचा कागद, आणि मच्छीमार संस्थेचं वेगळं पत्र जोडा. ते पत्र तुमच्या मागणीला काही ठिकाणी विरोध करणारं असेल तरी जसंच्या तसं जोडा, कारण फाइल पुढे कांदळवन कक्षाकडे आणि सीआरझेडच्या छाननीला गेली की खाडीवर पोट असलेल्यांना विचारलंत का, हा प्रश्न येणारच.